दीड अंशाचा घोळ

अर्लन टॉर्गर्सनने हातमोजा काढून टायरवर तळहात ठेवला आणि चटकन मागे घेतला. बाहेर अशी थंडी की नाकातले केस ताठ झालेले, आणि टायर मात्र आत्ताच चुलीवरून उतरवल्यासारखा! बाहेरच्या कडेला रबराची लव उभी राहिली होती, कानशीने घासल्यासारखी. तो पलीकडच्या बाजूला गेला. तिथंही तेच. घरापासून अवघे दहा मैल झाले होते.

आणि हे दुसऱ्यांदा! नाताळच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेने हे मासेघर, गोठलेल्या तलावावर बसून मासे धरायची ही चाकांवरची खोली, पिकअपमागे जोडून तो मिल लॅक्स तलावाकडे निघाला होता, आणि जळक्या रबराचा वास घेऊन अर्ध्या वाटेवरून परतला होता. तेव्हा त्याने टायरना शिव्या घातल्या होत्या. स्वस्तातला माल, दुसरं काय होणार! आजचे टायर चांगले होते, ओळखीच्या दुकानातून, स्वतः दाबून बघून आणलेले. म्हणजे आता शिव्या घालायला कोणी उरलं नव्हतं. उरलं होतं ते त्याच्या टोपीखाली.

तो पिकअपमध्ये जाऊन बसला, पण किल्ली फिरवली नाही. मागे ते घर उभं होतं. आठ फूट रुंद, सोळा फूट लांब, जमिनीत मासे धरायला सहा भोकं, दोन बाकं, एक शेगडी. वसंतात त्याने ते लिलावात उचललं तेव्हा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खालची चौकट खाऊन पापड झाली होती. ती सगळी कापून त्याने नवीन लोखंडाची चौकट स्वतःच्या हाताने जोडली होती. चौतीस वर्षं खाणीच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस तो. त्याचा सांधा बघून मुकादम म्हणायचा, "वाईट नाही." या मुलखात याहून मोठं कौतुक नाही, याहून जास्त जो बोलतो तो काहीतरी विकायला आलेला असतो.

असल्या घरांचं चाक साधं नसतं. रस्त्यावर घर चाकांवर उंच चालतं, आणि बर्फावर पोचलं की खाली बसवावं लागतं, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी हात असतो. हाताच्या टोकाला आस, आसावर चाक. विंचचं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या रहाटाचं, हँडल फिरवलं की हात वळतो, चाकं वर जातात आणि घर बर्फावर टेकतं. अर्लनने जन्मभर बोटींचे ट्रेलर जोडले होते, पण त्यांचा आस जागचा हलत नाही. हे फिरत्या हाताचं काम त्याने पहिल्यांदाच केलं होतं. तरी मापं तीनदा घेतली होती. तीनदा बरोबर आली होती. आणि चाकं रस्त्यावर टायर खात होती.

माप बरोबर आणि काम चूक, याचा अर्थ काय? माप घेणारा चुकतोय.

सप्टेंबरात एका सकाळी त्याच्या हातातून कॉफीचा कप निसटला होता आणि वीस मिनिटं तोंडातून शब्द वाकडेतिकडे आले होते. "मेंदूला छोटासाच झटका," डॉक्टर म्हणाली. दोन रात्री दवाखान्यात. तिथं त्या पोरसवदा डॉक्टरने कोरा कागद पुढे ठेवून सांगितलं, "मिस्टर टॉर्गर्सन, एक घड्याळ काढा बघू." त्याने काढलं. बाराही आकडे उजव्या बाजूला, लाँड्रीबाहेर रांग लागल्यासारखे. डावी बाजू रिकामी! आणि त्याला स्वतःला ते कळलंसुद्धा नाही. आर्डिसचा चेहरा बघून कळलं. ऑक्टोबरात परत काढलं तेव्हा आकडे जागेवर आले, पण काटे चुकले. आता येत्या गुरुवारी परत जायचं होतं. मधल्या काळात डॉक्टरने गाडी चालवायची परवानगी दिली होती, आणि आर्डिस त्या विषयावर चकार शब्द काढत नव्हती. छत्तीस वर्षं संसार केलेली बायको गप्प बसते तेव्हा माणसाने काय समजायचं?

तो ताशी वीसच्या वेगाने घरी आला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले नाहीत. इथं कोणी वाजवत नाही, नुसते मागून येत राहतात, आणि ते जास्त लागतं.

गॅरेज मोठं होतं. मासेघर आत घेतलं की पहिलं काम ते लाकडी ठोकळ्यांवर खाली बसवायचं. तलावाकाठी हे सगळ्यांच्या हाडात भिनलेलं आहे. चाकांवर उभ्या घराखाली हात घालायचा नाही. शेजारच्या ड्युएन कोस्कीच्या काकाची तीन बोटं अशीच गेली. अर्लनने हँडल घ्यायला खुंटीकडे हात नेला.

खुंटी रिकामी होती.

त्याने बाकाखाली बघितलं. पिकअपमध्ये, हत्यारांच्या पेटीत, पिंपामागे. कोटाचे खिसे उलटे केले. टायर एकदा, टायर दुसऱ्यांदा, आणि आता हँडल. मनातल्या मनात त्याने तिसरं बोट मिटलं.

"काय रे, इतक्यात आलास?" आर्डिस दारात उभी होती, एप्रनवर त्याचाच जुना कोट चढवून. "मासे काय वाटेतच भेटले?"

"विंचचं हँडल मी कुठं ठेवलं?"

"खुंटीवर."

"नाहीये."

ती त्याच्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ. ते बघणं अर्लनला ओळखीचं झालं होतं आणि त्याला ते सहन होत नव्हतं. टायर फुटले असते तर चाललं असतं. पण हे असं हळूहळू बघणं नको.

"आर्डिस," तो उलट्या बादलीवर बसत म्हणाला, "गुरुवारी मी डॉक्टरला आपण होऊन सांगणार आहे."

"काय सांगणार आहेस?"

"की माझ्या डोक्यात काहीतरी सरकलंय. मी टेप वाचतो तो आकडा खरा नसतो. तीनदा मोजलं, तीनदा बरोबर आलं, आणि ते बघ टायर. गाडीच्या किल्ल्या तूच ठेव. हे मासेघरही ड्युएनला देऊन टाक, तो कधीचा डोळा ठेवून बसलाय."

आर्डिसने टायर बघितले. मग नवऱ्याला बघितलं. मग तिचा पारा चढला. तिला रडू यायचं असलं की आधी राग येतो, हे अर्लनला छत्तीस वर्षांत कळलं नव्हतं ते आजही कळलं नाही.

"मोठा आलाय सांगणारा! आण ती टेप इकडे."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मी चर्चच्या तळघरात तीस वर्षं गोधड्यांचे तुकडे कापतेय, इंचाच्या आठव्या भागावर. तुझ्या लोखंडाला काय निराळे इंच असतात? सांग, कसं मोजतात."

हँडल नव्हतं, त्यामुळे घर खाली घेता येत नव्हतं. ते चाकांवर उंच होतं तसंच राहिलं. नियम मोडायला नको म्हणून अर्लनने चौकटीखाली चार जॅक लावले आणि मगच बायकोला जवळ येऊ दिलं. मग प्रत्येक चाकाला बाहेरून चार फुटी एकेक सरळ फळी दोरीने बांधली. फळीची टोकं चाकाच्या पुढे-मागे निघालेली. दोन फळ्यांमधलं अंतर पुढे मोजायचं आणि मागे मोजायचं. सारखं आलं तर चाकं सुतासारखी सरळ. एवढंच.

"पुढे," आर्डिसने टेप ताणली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "चौऱ्याण्णव आणि पाऊण."

"नीट बघ. शहाण्णव असेल."

"चौऱ्याण्णव आणि पाऊण. शहाण्णव मला वाचता येतं."

"मागे बघ."

"सत्त्याण्णव आणि पाव."

अर्लन उठला, स्वतः वाकला. चौऱ्याण्णव पाऊण, सत्त्याण्णव पाव. अडीच इंचांचा फरक! आंधळ्याच्याही बोटाला लागावा एवढा. आणि परवा याच फळ्या, याच टेपने, याच जागी त्याने शहाण्णव आणि शहाण्णव वाचलं होतं. तीनदा.

आता संशयालाही जागा उरली नाही. डोळ्यांनी त्याला तोंडावर फसवलं होतं. तो परत बादलीवर बसला. आर्डिस टेप हातात धरून उभी होती; तिलाही कळलं होतं.

"मी परवा शहाण्णव वाचलं, आर्डिस," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, शहाण्णव होतं तिथं."

तेवढ्यात बाजूचं दार ढकलून ड्युएन कोस्की आत आला. दार वाजवायची त्याला लहानपणापासून सवय नाही. अंगात लाल चौकड्यांचा कोट, आणि हातात विंचचं हँडल.

"घे बाबा तुझं," त्याने ते बाकावर आपटलं. "माझ्या बोटीच्या विंचला बसतंय का बघत होतो. नाही बसत."

आर्डिस टेपसकट त्याच्याकडे वळली.

"तू नेलं होतंस?" आर्डिसने विचारलं.

"रविवारी. हा खुर्चीत घोरत होता, म्हटलं कशाला उठवायचं."

"आणि सांगायचं नाही? चिठ्ठी तरी ठेवायची!"

"एका हँडलसाठी चिठ्ठी? मी काय लग्न लावून घेऊन गेलो होतो त्याला?" ड्युएनने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "काय झालंय काय तुम्हाला? कोणी गेलं का?"

अर्लनने मनातलं तिसरं बोट उघडलं. एक बोट सुटलं म्हणून काही हात मोकळा होत नाही, तरी त्याला जरासा दम आला. तो उठला आणि सवयीनेच हँडल विंचला लावून फिरवू लागला. जॅक बाजूला झाले, लोखंडी हात वळले, चाकं फळ्यांसकट वर गेली, घर कुरकुरत ठोकळ्यांवर टेकलं. आता घर बर्फावर असावं तसं बसलं होतं.

आर्डिसने टेप अजून सोडली नव्हती. हट्टी बाई. ती गुडघ्यावर बसली आणि परत मोजायला लागली.

"अगं, आत्ताच मोजलंस ना?"

"मला परत मोजायचंय. मला तो आकडा आवडला नाही." तिने पुढे टेप ताणली. चष्मा पुसून परत बघितलं. टेप घेऊन मागे गेली. मग तिथूनच, घराखालून, तिचा बारीक आवाज आला.

"अर्लन. शहाण्णव."

"पुढे की मागे?"

"दोन्हीकडे."

ड्युएन वाकला आणि त्याने वाचलं. शहाण्णव. अर्लनने वाचलं. शहाण्णव. तीन माणसं, सहा डोळे, त्यातल्या चारांना आजवर कुठलाही झटका आलेला नाही.

"भूत आहे या घरात," ड्युएन म्हणाला. "तरी मी सांगत होतो, मला विकून टाक."

"थांब," अर्लन म्हणाला. "थांब, थांब. बोलू नकोस."

त्याने बाकावरचा वेल्डिंगचा पांढरा खडू उचलला आणि तिथंच फरशीवर ओणवा झाला. एक मोठा गोल काढला. गोलाभोवती आकडे टाकले, मधोमध एक ठिपका.

"हे बघा. हा ठिपका म्हणजे हात जिथं फिरतो ती खीळ. हात म्हणजे काटा. घर बर्फावर बसलंय, तेव्हा हात कुठं? दहावर." त्याने काटा काढला. "रस्त्यावर निघालो की चाक खाली येतं. हात सातवर." दुसरा काटा काढला. "आता सांगा, मी आस कधी जोडला?"

"मला काय माहीत? तेव्हा मी तुला कॉफी देत होते."

"घर खाली बसलेलं असताना! हात दहावर! कारण आपण घर कायम खालीच बसवतो, उभ्या घराखाली कोण शिरणार? आणि बोटीच्या ट्रेलरला बाबा करायचे तसं केलं मी. वजन पडलं की चाकाचा माथा आत झुकतो, म्हणून आधीच दीड अंश बाहेर झुकवायचा. म्हणजे आसाचं टोक दीड अंश खाली. ट्रेलरचा आस जागचा हलत नाही, तिथं ते चालतं. पण इथं हात फिरतो!" त्याने खडूने बाण काढला, दहावरून नऊ, आठ, सात. "हाताबरोबर झुकावही फिरतो. जे टोक दहावर असताना जमिनीकडे बघत होतं, ते सातवर आलं की पुढे बघायला लागतं!"

ड्युएनने टोपी मागे सरकवली. "म्हणजे रस्त्यावर दोन्ही चाकं आत वळून एकमेकांच्या नाकाला नाक लावायला बघतात."

"हो!"

"आणि तू त्यांना तशीच फरफटत नेलीस."

"हो! दोनदा! आणि घरी आणून आधी खाली बसवली आणि मग मोजली, म्हणून दर वेळी शहाण्णव!" अर्लन उभा राहिला. त्याच्या गुडघ्यांना खडू लागला होता आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी बरोबर वाचलं होतं, आर्डिस! दोन्ही आकडे खरे होते! माझं डोकं नाही बिघडलं, मी नुसता मूर्ख आहे! साधा, धडधाकट मूर्ख!"

"ते आम्हाला तिसरीपासून माहीत आहे," ड्युएन म्हणाला. "त्यात ओरडायचं काय एवढं?"

पण आर्डिस दोघांकडेही बघत नव्हती. ती फरशीकडे बघत होती.

"अर्लन," ती हळूच म्हणाली, "खाली बघ."

"काय?"

"तू काय काढलंयस ते बघ."

त्याने बघितलं. फरशीवर घड्याळ होतं. गोल, नीट मिटलेला. बारा वर, सहा बरोबर खाली, तीन इकडे, नऊ तिकडे, आणि मधले सगळे आकडे आपापल्या जागी, सारख्या अंतरावर. एकही गर्दीत घुसलेला नाही. डावी बाजू भरलेली. काटे मधल्या ठिपक्यातून निघून एक दहावर, एक सातवर, वीतभर सरळ. आणि हे सगळं त्याने बोलता बोलता काढलं होतं, खडू एकदाही न थांबवता, काय काढतोय हे मनातही न आणता.

त्याचा जीव भांड्यात पडला. सप्टेंबरापासून टांगलेला जीव, आत्ता पडला. त्याला खाली बसावंसं वाटलं पण बादली कुठं होती कोण जाणे, म्हणून तो आर्डिसच्या खांद्याला धरून उभा राहिला, आणि ती त्याच्या कोटात तोंड खुपसून ढसाढसा रडली. अंगातल्या त्याच्याच जुन्या कोटाच्या बाहीला तिने नाक पुसलं.

"एका घड्याळासाठी?" ड्युएन चक्रावला. त्याला त्या कागदाचं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तरी त्याने परत एकदा वाकून फरशी बघितली, कारण समोर रडणाऱ्या माणसांकडे बघत राहणं त्याला जमत नाही. "वाईट नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी आर्डिसने दोघांना भट्टीत भाजलेलं बटाट्याचं गरम हॉटडिश खायला घातलं आणि हँडल न विचारता नेल्याबद्दल ड्युएनला वाढताना आधी चमचाच दाखवला.

पुढचे दोन दिवस अर्लनने आस कापून परत जोडले. या वेळी घर चाकांवर उंच, चौकटीखाली जाडजूड लाकडं, हात सातवर, खीळ घातलेली. पाणसळ चाकाला लावली, माथा दीड अंश बाहेर, फळ्या बांधल्या, आणि आर्डिसने पुढे-मागे मोजून सारखा आकडा सांगितल्याशिवाय त्याने ठिणगी पाडली नाही. ते घड्याळ पुसायला तिने मनाई केली होती. दोघंही त्याला वळसा घालून चालत होते.

गुरुवारी डॉक्टरने कागद पुढे ठेवला. "अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, मिस्टर टॉर्गर्सन."

"रस्त्यावरची की बर्फावरची?" अर्लनने विचारलं.

डॉक्टरचा पेन हवेतच थांबला, तिच्या कपाळाला आठी पडली, आणि ती काही लिहायच्या आत आर्डिसने घाईघाईने तिला सगळी हकिकत सांगितली. तोवर अर्लनने घड्याळ काढून कागद पुढे सरकवला होता. डॉक्टरने तो उभा धरला, आडवा धरला आणि सहा महिन्यांनी या म्हणाली.

शनिवारी ते तलावावर पोचले तेव्हा बर्फ फूटभराहून जाड होता आणि बाकीची मासेघरं लांबवर रांगेने बसली होती; ड्युएनही पहाटेच पुढे आला होता. बावीस मैल. अर्लनने उतरून हातमोजा काढला आणि टायरवर तळहात ठेवला. गार. पलीकडे जाऊन दुसऱ्यावर ठेवला. तोही गार, कडा अगदी नवीकोरी. त्याने आर्डिसला खूण केली आणि घर खाली बसवायला हँडल घ्यायला गेला.

हँडल पेटीत नव्हतं.

त्याने सीटखाली बघितलं. कोटाचे खिसे चाचपले, एकदा, परत एकदा. आर्डिस पिकअपच्या पलीकडे उभी राहून बघत होती, आणि तिचा हात दारावर तसाच राहिला होता. अर्लनने मनातल्या मनात परत एक बोट मिटायला घेतलं. पण ते मिटायच्या आतच त्याने मान उचलली, छाती भरून हवा घेतली आणि अख्ख्या मिल लॅक्सला ऐकू जाईल असा ओरडला, "ड्युएन! चोरा! माझं हँडल आण!"

तीन घरं सोडून एक दार किलकिलं झालं. त्यातून लाल चौकड्यांची बाही बाहेर आली, आणि बाहीच्या टोकाला हँडल.

"आणतो रे!" आतून आवाज आला. "कॉफी तरी संपू दे माणसाची!"